उंबरठा आणि औदुंबर



दत्तजयंतीच्या अंकासाठी चार शब्द लिहून द्या, असा मंडळाचा दरवर्षी आग्रह असतो. यंदा मी ठरवलं, चार नकोत, एकच शब्द घेऊ. तोही पोथीतला अवघड शब्द नको, घरातलाच घेऊ. रोज आपण ज्याच्यावरून जातो आणि ज्याच्यावर पाय देऊ नये असं लहानपणापासून ऐकत आलो, तो शब्द म्हणजे उंबरठा.

हा शब्द आपण इतक्या वेळा बोलतो की त्यातला उंबर आपल्या कानाला लागतच नाही. उंबर म्हणजे औदुंबर, आपल्या दत्तमहाराजांचा वृक्ष. संस्कृतात ‘उदुंबर’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तो वृक्ष, आणि दुसरा दाराच्या चौकटीचं आडवं लाकूड. मराठीनं दोन्ही अर्थ जपले, फक्त उच्चार थोडा वेगळा केला. झाडाला उंबर म्हटलं आणि लाकडाला उंबरा किंवा उंबरठा.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांनी ‘बृहत्संहिता’ लिहिली. तिच्यात वास्तुविद्येच्या प्रकरणात दाराची मापं दिली आहेत. दार जितके हात उंच, तितकी अंगुळं बाजूच्या दोन उभ्या शाखांची जाडी ठेवावी, आणि उदुंबरांची जाडी त्याच्या दीडपट. ‘उदुंबरांची’ असं म्हणतो, कारण तिथे शब्द द्विवचनी आहे: एक उदुंबर वर आणि एक खाली. दार पाच हात उंच असेल तर उभी लाकडं पाच अंगुळं जाड आणि उंबरा साडेसात. मला या हिशेबाचं मोठं कौतुक वाटतं. ज्याच्यावरून सगळं घर येणार-जाणार, त्यालाच जास्त जाड केलं आहे.

आता आपल्या ‘चौकट’ या शब्दाकडे बघा. चौकट म्हणजे चार लाकडांची. दोन उभी, वर गणेशपट्टी, खाली उंबरा. हल्लीच्या नव्या सदनिकांत तळचं लाकूडच नसतं. घरातली फरशी आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये ग्रॅनाइटची बोटभर पट्टी असते, तीही केरपाणी आत येऊ नये म्हणून. चौकट आता तीन लाकडांची राहिली आहे, पण नाव मात्र आपण चारांचंच घेतो. असो. यात बिल्डरला दोष देण्यासारखं काही नाही, आमच्यासारख्यांचे गुडघेच ती पट्टी बघून त्याला आशीर्वाद देतात.

आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या सुताराला मी एकदा विचारलं होतं, “तात्या, तुम्ही उंबराच्या लाकडाचा उंबरा कधी बसवला होता?” तो हसला. म्हणाला, “बुवा, उंबराला कोण कुऱ्हाड लावतंय? आणि लाकूडपण मऊ. पाण्यात ऱ्हायलं तर टिकतंय, म्हणून विहिरीच्या कामाला घ्यायचे पूर्वी. आमचा उंबरा सागाचा नायतर बाभळीचा.” म्हणजे नाव उंबराचं आणि लाकूड भलतंच. पण नाव कुणी बदललं नाही. दगडाचा उंबरा केला तरी तो उंबराच. वैदिक काळी सोमयागाच्या मंडपात उंबराचा खांब उभा करीत, त्याला औदुंबरी म्हणत, आणि सामगान करणारे त्याला स्पर्श करून गात. घराच्या दाराशी त्या वृक्षाचं नाव टिकून राहिलं, ते अशा जुन्या पूज्यभावातूनच आलं असावं, असं मला वाटतं.

बोलण्यात हा शब्द किती ठिकाणी येतो! खेड्यात गाव केवढं असं विचारलं तर डोकी मोजत नाहीत. “शंभर उंबऱ्यांचं गाव” म्हणतात. सप्ताहाची वर्गणी उंबऱ्यामागे ठरते. नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात येते. वय झालं की माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर येतो. कामासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, हे तर पेन्शनवाल्यांना वेगळं सांगायला नको. उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यावरून देऊ-घेऊ नये, उंबऱ्यावर उभं राहून शिंकू नये. आपल्या आज्या हे सगळं सांगायच्या आणि कारण विचारलं की दटावायच्या. सकाळी सडा-रांगोळी झाली की त्याच आज्या उंबऱ्याला हळदकुंकू लावायच्या.

आणि या सगळ्यात एक प्रयोग असा आहे की तो थेट काळजाला लागतो. फार दिवसांनी कुणी घरी आलं तर आपण म्हणतो, “काय रे, अगदी उंबराचं फूल झालास की!” उंबराला फळं दिसतात, फूल कधी दिसत नाही. वास्तविक उंबराला फुलं असतात, असंख्य असतात, पण ती फळाच्या आत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, याला फूलच नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता गुरुचरित्राकडे येऊ. एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचं माहात्म्य आहे, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. नामधारक विचारतो, एवढे वृक्ष असताना श्रीगुरू औदुंबरातळीच का राहिले? सिद्धमुनी उत्तर देताना नृसिंहावताराची कथा सांगतात. हिरण्यकशिपूनं वर मागून घेतला होता: मरण दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्रानं नको, घरात नको, घराबाहेर नको. सगळ्या बाजूंनी दार लावून घेतलं आणि निर्धास्त झाला. पण दार लावलं तरी उंबरा उरतोच. तो आत नाही, बाहेरही नाही. भगवंतांनी संध्याकाळची वेळ धरली, उंबऱ्यावर बैठक मारली, त्याला मांडीवर घेतला आणि नखांनी पोट विदारलं.

इथपर्यंतची कथा सगळ्यांच्या तोंडी आहे. पुढचा भाग दत्तसंप्रदायाचा खास आहे. त्या दैत्याच्या पोटातलं विष भगवंतांच्या नखांना लागलं. नखांचा दाह होऊ लागला. देवाच्या बोटांची आग होते आहे आणि जवळ यायला सगळे भितात. तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली. त्या फळांत भगवंतांनी नखं रोवली आणि दाह शमला. संतोषून त्यांनी औदुंबराला वर दिला की तू सदा फळत राहशील, कल्पवृक्ष म्हणून ओळखला जाशील, आणि आम्ही लक्ष्मीसह तुझ्यापाशी राहू.

मी ही कथा कैक वेळा सांगितली. पण उंबरा आणि उंबर हे दोन शब्द शेजारी ठेवून वाचल्यावर तिची संगती मला वेगळी लागू लागली. संहार झाला तो उंबऱ्यावर, आणि शांती मिळाली ती उंबरात. पहिल्या ठिकाणी देवाचा क्रोध, दुसऱ्या ठिकाणी त्या क्रोधाचा उतारा. घराचा उंबराही असाच आहे. दिवसभर बाहेरचा दाह, लोकांची बोलणी, उन्हाची तलखी घेऊन माणूस दाराशी येतो. ती आग तिथेच उतरली तर आत घर राहतं. नाही उतरली तर ताटावर बसल्यावर ती बायको-मुलांच्या अंगावर जाते. जुन्या घरांत दाराशी पाण्याची घागर आणि तांब्या असायचा, पाय धुऊन मगच आत यायचं. पायाची धूळ जायची आणि डोकंही जरा निवायचं.

दुसरी एक गोष्ट बघा. नृसिंह प्रकटले तिन्हीसांजेला. दत्तजन्म आपण करतो तो मार्गशीर्ष पौर्णिमेला, तोही सायंकाळीच. रामजन्म दुपारी, कृष्णजन्म मध्यरात्री, आणि दत्तजन्म दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर. काळाचाही उंबरा असतो. त्याच वेळी आपण दिवा लावतो. शास्त्रात ‘देहलीदीप’ नावाचा न्याय आहे. देहली म्हणजे उंबरा. त्याच्यावर ठेवलेला एक दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. पंडित हा न्याय वाक्यातला एकच शब्द दोन बाजूंना लागू करण्यासाठी वापरतात. आपल्या आया-बहिणी तो दिवाळीत पणती ठेवून वापरतात. पणती आत ठेवली तर रस्ता अंधारात, रस्त्यात ठेवली तर घर अंधारात.

आता मुख्य गोष्ट. दत्तमहाराज भेटतात कुठे? अत्री-अनसूयेच्या आश्रमात तिन्ही देव आले ते अतिथी म्हणून, दाराशी, भिक्षा मागत. त्या भिक्षेतूनच दत्तावतार झाला. पाचव्या अध्यायात पीठापूरच्या सुमतीची कथा आहे. अमावास्या, घरी श्राद्ध. ब्राह्मण अजून जेवायचे आहेत. दुपारी दाराशी अतिथी उभा. आत नियम आहे की श्राद्धाचं अन्न आधी ब्राह्मणांना. बाहेर भुकेला आहे. ती माउली उंबऱ्यापाशी क्षणभर तरी थबकली असेल. पोथी त्या क्षणाचं वर्णन करत नाही, पण आपण गृहस्थाश्रमी माणसं, आपल्याला तो कळतो. तिनं भिक्षा घातली. आणि अतिथीनं आपलं स्वरूप दाखवलं, तिला जननी म्हटलं. तोच पुढे श्रीपाद श्रीवल्लभ होऊन तिच्या पोटी आला. देवघरात दत्त होतेच. पण तिला भेटले ते दारात.

गाणगापुरात आजही दुपारी माधुकरी मागण्याची आणि घालण्याची चाल आहे. श्रीगुरू माध्यान्हकाळी कोणत्या ना कोणत्या रूपात भिक्षेला येतात, ही श्रद्धा. मोठमोठे लोक तिथे झोळी घेऊन पाच घरं मागतात. ज्याची स्वतःच्या घरी दारं कधी उघडी नसतात, तोही तिथे दुसऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहतो.

असं एका प्रवचनात मी सांगितलं. ते संपल्यावर एक वयस्कर बाई थांबल्या. म्हणाल्या, “बुवा, तुम्ही सांगता ते पटतं. पण मी सातव्या मजल्यावर राहते. खाली वॉचमन. भिकारी, फेरीवाले, कुणालाच वर सोडत नाहीत. हे गेल्यापासून मी एकटीच. मुलगा परदेशात, दोन वर्षांनी येतो, तो उंबराचं फूल. माझ्या दाराशी कुणी येतच नाही. मी भिक्षा घालू कुणाला? दत्त येणार कसे?”

मी त्यांना लगेच काही उत्तर दिलं नाही. कारण प्रश्न खरा होता. आपल्यापैकी किती जणांचा तोच आहे! सुरक्षेसाठी आपण दारं लावली, त्यात चूक काही नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसानं ओळख नसताना दार उघडावं असं मी कधीही सांगणार नाही. ती भक्ती नव्हे, तो वेडेपणा. पण हिरण्यकशिपूसारखी सगळी दारं लागली की देवालाही उंबरा शोधावा लागतो.

मी म्हटलं, “मावशी, तुमचा उंबरा सातव्या मजल्यावर नाही. तो खाली गेला आहे. फाटकापाशी जिथे वॉचमन बसतो, तो तुमच्या सगळ्या इमारतीचा उंबरा. तिथे दिवसभर कोण कोण येतं ते एकदा बघा.” कुरियरची पोरं येतात, जेवणाचे डबे पोचवणारी येतात, कचरा नेणाऱ्या बायका येतात, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला येतो. दुपारी बाराला रणरणत्या उन्हात दुसऱ्याचं जेवण पाठीवर घेऊन फिरणारा मुलगा स्वतः कधी जेवतो, हे आपण विचारलेलं नसतं. झोळी त्याच्याही पाठीवर आहे की!

त्या बाई महिनाभरानं पुन्हा भेटल्या. गुरुवारी दुपारी त्या लिफ्टनं खाली जातात, वॉचमनला भाजी-भाकरी आणि आल्यागेल्याला ताक देतात. तक्रार एकच होती: “तो मला सांगतो, आजी, भाजीला जरा तिखट घाला.” मी म्हटलं, मावशी, घाला तिखट. अतिथी मागतो आहे. मुलाचं येणं त्यामुळे वाढलं असं काही त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण उंबराचं फूल दिसत नाही म्हणजे नसतं असं नव्हे, एवढं त्यांच्याशी बोलून झालं. तो रोज रात्री फोन करतो, हे त्यांनीच मग सांगितलं.

उंबऱ्याविषयी बोलताना एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाही तर हे बोलणं अर्धवट राहील. याच उंबऱ्याचा आपण अडसर केला. पंढरपुरात महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे. नामदेवांनी देवाच्या दारातली जागा मागून घेतली, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. नामदेवांना पायरी आवडली म्हणून ते दाराशी राहिले. चोखोबांना मात्र आत येऊ दिलं नाही म्हणून ते बाहेर राहिले. दोघांत हा फरक आहे आणि तो झाकू नये. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. गावाची वेस बांधणारे हात, आणि देवळाचा उंबरा त्यांनाच बंद. पुढे साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात त्याच पंढरपुरात उपोषण करावं लागलं, तेव्हा विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या केवळ तीन महिने आधी. जो भिक्षेकरी होऊन कुणाच्याही दारी उभा राहतो, त्या दत्ताच्या देवळात तरी कुणाला दाराशी अडवण्याचा विचार शिवायला नको.

जुन्या देवळांत गाभाऱ्याचा उंबरा मुद्दाम उंच केलेला असतो. त्याच्या पुढ्यात अर्धचंद्राकृती शिळा, आणि उंबऱ्यावर दोन बाजूंना कीर्तिमुखं. अक्राळविक्राळ तोंड, धड नाही. शंकरांच्या आज्ञेनं ज्यानं भूक लागली म्हणून स्वतःलाच खाऊन टाकलं, नुसतं मुख उरलं, त्याला शंकरांनी दारात जागा दिली, अशी त्याची कथा. आपण वाकून त्या उंबऱ्याला हात लावतो आणि मग आत जातो. वाकणं सोपं व्हावं म्हणूनच दार ठेंगणं आणि उंबरा उंच, असं मला वाटतं.

पण नृसिंहवाडीला जाऊन बघा. तिथे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर श्रीगुरूंनी बारा वर्षं वास केला. औदुंबरातळी मनोहर पादुका. पावसाळ्यात कृष्णामाईचं पाणी चढतं. घाटाच्या पायऱ्या एकेक बुडतात. उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात. मग पाणी मंदिरात शिरतं, पादुकांना स्पर्श करतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दाराशी स्नानाला कुठून कुठून माणसं धावतात. इतर ठिकाणी पुराचं पाणी घरात आलं की आपण हवालदिल होतो, आणि कृष्णाकाठच्या लोकांनी २०१९ साली काय सोसलं ते मी वेगळं सांगायला नको. पण वाडीत तीच नदी उंबरा ओलांडून आत येते तेव्हा तिचं दर्शन घेतात. भक्त आत जाऊ शकत नाही अशा दिवसांत पादुकांचं तीर्थ आपण होऊन दाराबाहेर येतं.

हे सगळं मी इतकं लांबवलं त्याला एक निमित्त आहे. आपल्या देवळाचा गाभाऱ्यापुढचा उंबरा दगडी आहे, चांगला वीतभर उंच. गेल्या दोन-तीन वर्षांत कितीतरी जुनी भक्तमंडळी सभामंडपातूनच नमस्कार करून परतू लागली आहेत. कुणाचा खुबा बदललेला, कुणाच्या हातात चार पायांची काठी, एक-दोघं चाकाच्या खुर्चीवर. ज्यांनी चाळीस वर्षं या देवळात काकडआरती म्हटली ती माणसं. मंडळाच्या बैठकीत काहींनी सुचवलं, उंबरा छिन्नीनं सपाट करून घ्यावा. काही म्हणाले, हात लावायचा नाही, शास्त्र आहे. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. तिथेही दाह उंबऱ्यावरच झाला म्हणायचा.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं ते इथे लिहितो. दगड फोडू नये. त्याच्यावर हात टेकून गेलेल्या पिढ्या आहेत. पण त्या दगडापायी एकही म्हातारा माणूस पादुकांपासून लांब राहू नये. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतरती लाकडी फळी बसवावी, काढता-घालता येईल अशी, बाजूला धरायला कठडा. आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी जन्मोत्सवानंतर पुजाऱ्यांनी उत्सवाच्या पादुका तबकात घेऊन उंबऱ्यापर्यंत यावं. दत्तमहाराजांना दाराशी येण्याचा कमीपणा कधी वाटला नाही, तर आपण का मानावा? एका ज्येष्ठांनी शंका काढली की फळी टाकली तर लोक उंबऱ्याला हात कसा लावणार. त्यावर सुतारानंच उपाय काढला. मधला हातभर भाग मोकळा ठेवायचा आणि फळी एका बाजूनं न्यायची. ज्याला वाकता येतं तो मधून जाईल.

मंडळानं ते मान्य केलं. फळी उत्सवाच्या आदल्या दिवशी बसते आहे. जन्माच्या वेळी, म्हणजे सायंकाळी, गर्दी फार होते, म्हणून चाकाच्या खुर्चीवाल्यांनी आणि काठीवाल्यांनी शक्यतो दुपारी चारपर्यंत यावं, त्यांना आधी दर्शन मिळेल. बरोबर कुणी नसेल तर दाराशी दोन स्वयंसेवक असतील, त्यांना हाक मारावी. फळीचं लाकूड एका भक्तानं दिलं आहे, सागवानी. त्याची इच्छा उंबराच्या लाकडाची होती, पण आपल्या तात्यांनी ठाम नकार दिला.